कापड कोण सरकवतं? मशीनवरची गोधडी आणि तिच्या पहिल्या धड्याचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की गोधडीच्या क्लासला कसला आलाय इतिहास? प्रश्न रास्त आहे. म्हणून आधीच सांगून टाकते, की मी आज एका सूचनेचा इतिहास सांगणार आहे. मशीनवर ‘फ्री मोशन’ पद्धतीनं क्विल्ट शिवायला शिकवणाऱ्या कुठल्याही नवशिक्या वर्गात जा, मग तो अमेरिकेत असो, जपानमध्ये असो, नाहीतर पुण्यात. पहिली सूचना एकच असते: ‘मशीनचे दाते खाली करा.’

ज्यांना शिवण येतं त्यांना या वाक्याचा धक्का बसतो. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी सांगते. शिलाई मशीनच्या सुईखाली, पत्र्याच्या फटीतून वर-खाली होणारी करवतीसारखी दोन पात्यं दिसतात. इंग्रजीत फीड डॉग, आपण साधं ‘दाते’ म्हणतो. हे दाते कापड मागे सरकवतात, म्हणून टाके एकसारखे पडतात. दाते बंद केले तर सुई एकाच जागी खाली-वर टोचत राहणार. मग कापड कोण सरकवणार? तर शिकणाऱ्यानं, स्वतःच्या हातानं, वाटेल त्या दिशेला. यालाच फ्री मोशन म्हणतात.

म्हणजे बघा, ज्या भागामुळे मशीनला मशीनपण आलं तो भाग बंद करूनच हा वर्ग सुरू होतो. हे दाते मुळात का लागले, ते बंद करायला कोणी शिकवलं, आणि बंद करून केलेल्या कामाला ‘काम’ म्हणायला क्विल्टच्या जगानं 1989 पर्यंत का लावलं, एवढंच आज बघायचं आहे. शेवटी आपल्या गोधडीपाशी येऊ, कारण तिथं हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

दाते कशासाठी आले

शिलाई मशीनच्या शोधाची गोष्ट सांगताना आपण नेहमी सुईबद्दल बोलतो. टोकाशी भोक असलेली सुई, खाली दुसरा दोरा, दोन्हींचा मध्ये पडणारा आडकित टाका. हे सगळं एलियस होवच्या मशीनमध्ये होतं. त्याला 10 सप्टेंबर 1846 रोजी अमेरिकन पेटंट मिळालं. पण होवच्या मशीनवर कापड कसं सरकायचं ते फारसं कोणी सांगत नाही. त्याच्या मशीनला एक वाकडी पट्टी होती, तिच्यावर टाचण्या. त्या टाचण्यांवर कापड उभं टांगायचं. पट्टी पुढे जाईल तेवढी शिवण व्हायची. पट्टी संपली, की मशीन थांबवा, कापड काढा, पट्टी मागे न्या, कापड पुन्हा टोचा. शिवण सरळच. वळण घ्यायचा प्रश्नच नाही.

म्हणजे टाका घालण्याचं कोडं सुटलं होतं, कापड सरकवण्याचं सुटलेलं नव्हतं.

1850 मध्ये आयझॅक सिंगर बोस्टनला ओर्सन फेल्प्सच्या कारखान्यात आला. तिथं दुरुस्तीला येणारी मशीनं बघून त्यानं आपलं मशीन तयार केलं, आणि 12 ऑगस्ट 1851 ला पेटंट घेतलं. कापड आडव्या टेबलावर आलं, वरून दाबून धरणारा प्रेशर फूट आला, खालून चाक कापड पुढे ढकलू लागलं. शिवण अखंड चालू लागली. पण आज आपण ज्यांना दाते म्हणतो, ते अॅलन विल्सन नावाच्या माणसाचे. त्याचं पेटंट 1854 चं. विल्सनच्या दात्यांच्या हालचाली चार आहेत. वर येतात आणि कापड धरतात. मागे जातात, कापड घेऊन. खाली बसतात, कापड सोडून. आणि पत्र्याखालून पुन्हा पुढे येतात. कापड सोडल्याच्या त्या क्षणात शिवणारा कापड थोडं वळवू शकतो. गळा, बाही, काख या गोलाईच्या शिवणी मशीनवर सहज शक्य झाल्या त्या यामुळे. आजही तुमच्या घरातलं मशीन उघडून पाहिलंत तर हेच चार ठेके दिसतील. एकशे सत्तर वर्षांत ते बदलले नाहीत.

दात्यांनी अजून एक गोष्ट केली, आणि ती आपल्या विषयाला महत्त्वाची आहे. टाक्याची लांबी त्यांनी आपल्या ताब्यात घेतली. पूर्वी टाका लहान की मोठा हे शिवणाऱ्याचे डोळे आणि बोटं ठरवायची. त्यावरूनच तिचा हात ‘बसलेला’ आहे की नाही हे कळायचं. आता ते एका खटक्यावर आलं. पहिल्या दिवशी मशीनवर बसलेल्या मुलीचा टाका आणि तीस वर्षं शिवणाऱ्याचा टाका, लांबीला सारखाच.

गोधडीला दाते का चालत नाहीत

आता क्विल्ट म्हणजे काय ते दोन वाक्यांत. वरचं कापड, मधे कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हींतून आरपार जाणारे टाके. आपली गोधडी याच घराण्यातली. फरक एवढाच, की आपल्याकडे मधे बहुतेक वेळा जुनी लुगडी, धोतरं असतात, आणि टाका साधा धावदोरा.

हे तीन थर मशीनवर घेतले, की दात्यांची मर्यादा कळते. दाते धरतात फक्त सगळ्यात खालचं कापड. वरचं कापड प्रेशर फूटखाली दबलेलं, ते मागे रेंगाळतं. चार-सहा ओळी शिवल्यावर अस्तर पुढे गेलेलं असतं आणि वर चुण्यांचा डोंगर. दुसरी अडचण वळणाची. दात्यांना एकच दिशा ठाऊक. तुम्हाला पान किंवा फूल काढायचं असेल तर प्रत्येक वळणाला अख्खी गोधडी फिरवायला हवी, आणि मशीनच्या हाताखाली जागा किती? वीतभर. डबलबेडची गोधडी त्या वीतभर जागेत गोल फिरवून दाखवा.

दाते खाली केले की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. तिन्ही थर तळव्याखाली एकत्र सरकतात, आणि गोधडी न फिरवता पुढे, मागे, आडवी, तिरकी कशीही नेता येते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. टाक्याची लांबी पुन्हा हातावर येते.

इथं थोडं गणित करू या. समजा मशीन मिनिटाला 600 टाके घालतंय. इंचाला दहा टाके हवे असतील, तर हातानं मिनिटाला 60 इंच कापड सरकवलं पाहिजे, म्हणजे सेकंदाला बरोबर एक इंच. हात दुप्पट वेगानं गेला तर इंचाला पाचच टाके, लांब आणि ढिले. हात अडखळला तर टाक्यावर टाका, दोऱ्याची गाठ. वेग दोन आहेत, एक पायात आणि एक हातात, आणि ते एकमेकांना धरून चालले पाहिजेत. वर्गात पहिला तास यातच जातो. घाबरलेली विद्यार्थिनी काय करते? पाय हळू करते आणि हात घाईनं ओढते. टाके अर्धा अर्धा इंच होतात. तिला सांगावं लागतं, की बाई, उलटं करा. पाय जरा सोडा, हात सावकाश.

बाकीच्या तक्रारीही दरवर्षी त्याच. प्रेशर फूट खाली करायचं विसरतात, कारण त्याखाली आता काही दाबल्यासारखं जाणवतच नाही. मग खाली दोऱ्याचा गुंता होतो. सुरुवातीला बॉबिनचा दोरा वर ओढून घेत नाहीत, तोही गुंत्यात जातो. वळणावर हात झटकन फिरवतात, आणि मागच्या बाजूला वळणावळणाला पापण्यांसारखे दोरे लोंबतात. सुईकडे टक लावून बघतात, म्हणून रेघ थरथरते. सायकल शिकताना पुढच्या चाकाकडे बघू नये म्हणतात ना, तसंच. नजर जिथं जायचंय तिथं हवी.

आणि पहिलं नक्षीकाम कोणतं? नागमोडी रेघ, जी स्वतःला कुठेही छेदत नाही. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर, पुन्हा पुन्हा. बाराखडी गिरवावी तशी. हात बसायला लागला, की दोन माणसांच्या रेघा कधीच सारख्या येत नाहीत. माझ्या वर्गात नावं न बघता कुठला तुकडा कोणाचा ते ओळखता येतं. मशीनचा टाका असून ओळखता येतं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पहिले वर्ग कंपनीचे

दाते बंद करायला जगाला शिकवलं कोणी? यात एक गंमत आहे. मशीन विकणाऱ्या कंपनीनंच शिकवलं.

सिंगर कंपनीचं यश केवळ यंत्रात नव्हतं. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं 1856 पासून हप्त्यानं मशीन द्यायला सुरुवात केली. त्याबरोबर शिकवणंही आलं. दुकानाच्या काचेमागे तरुण मुली मशीनवर शिवून दाखवत. मशीन घेतलेल्या घरी शिकवायला बाई जाई. कारण उघड आहे. चालवता न येणारं मशीन परत येतं, आणि हप्ते बुडतात.

शिवण शिकवून झाल्यावर पुढचा टप्पा भरतकामाचा. मशीन फक्त कपडे जोडायला नसून शोभेच्या कामाचंही आहे हे दाखवलं, तर ज्या घराला शिवणाची गरज नाही तेही मशीन घेईल. म्हणून कंपनीनं भरतकाम आणि लेसकामाची सचित्र शिकवणी पुस्तिकाच काढली. 1911 च्या सुमाराची तिची आवृत्ती आजही जुन्या पुस्तकांत सापडते. पद्धत तीच: दाते झाकायचे, प्रेशर फूट काढायचा, कापड गोल रिंगमध्ये ताणायचं आणि रिंग हातानं फिरवायची. मशीनही खास नाही, घरातलं साधं पायमशीन.

ब्रिटनमध्ये याला पुढे वेगळं वळण लागलं. डोरोथी बेन्सन ही सिंगरच्या भरतकाम विभागात अनेक वर्षं काम करणारी कारागीर. तिच्याकडे शिकायला कोण येऊ लागलं? कलाशाळेतले शिक्षक. क्रॉयडनच्या कलाशाळेतल्या रेबेका क्रॉम्प्टन यांनी 1930 च्या दशकात मशीनचा टाका चित्रकलेच्या अंगानं वापरला. भरतकामातल्या आधुनिक आकृतिबंधांवरचं त्यांचं पुस्तक 1936 चं. नंतर लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये हा विषय रीतसर शिकवला गेला. म्हणजे कंपनीच्या कामाच्या खोलीत, पगारावर काम करणाऱ्या बाईच्या हातात जे ज्ञान होतं, ते कलाशाळेत पोचल्यावर ‘कला’ झालं. हात तोच, सुई तीच. शिकवण्याची जागा बदलली.

मिरवणं, लपवणं आणि नाकारणं

आता क्विल्टकडे या. आपली समजूत अशी असते, की पूर्वी सगळं हाताचं होतं आणि मशीन नंतर घुसलं. अमेरिकेतल्या जुन्या क्विल्ट काही वेगळंच सांगतात. 1860 नंतरच्या अनेक क्विल्टवर मशीनचा टाका मुद्दाम वर, दिसेल असा घातलेला आहे, कधी कधी उठून दिसणाऱ्या रंगाच्या दोऱ्यानं. अभ्यासकांनी त्याचा अर्थ लावलाय तो सोपा आहे. मशीन महाग होतं. आमच्या घरी मशीन आहे, हे सांगायची ती रीत होती.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वारं फिरलं. मशीन घरोघरी झालं, त्यात मिरवण्यासारखं राहिलं नाही. उलट कारखान्याचा माल सगळीकडे झाल्यावर आजीच्या काळाची ओढ वाढली. मेरी वेब्स्टर यांचं क्विल्टवरचं पहिलं स्वतंत्र पुस्तक 1915 चं, याच वातावरणातलं. क्विल्ट म्हणजे हाताची, असं समीकरण इथं पक्कं झालं. मशीनचा टाका आता लपवायची गोष्ट झाली.

पण शिवणारे शिवतच होते. नेब्रास्कातल्या डेव्हिड सिटीजवळचे अर्नेस्ट हाइट यांचं उदाहरण मला फार आवडतं. शिक्षण अभियांत्रिकीचं, व्यवसाय शेती. ते घरच्या मशीनवर क्विल्ट करायचे, तिरक्या अखंड ओळी अशा आखायचे, की दोरा शक्यतो तोडावा लागू नये. जत्रांमधल्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली. 1974 मध्ये त्यांनी गृहिणींसाठी मशीन क्विल्टिंगची छोटी पुस्तिका काढली. सत्तरच्या दशकात अमेरिकेत क्विल्टची मोठी लाट आली. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या होत्या, 1976 मध्ये देशाची दोनशे वर्षं साजरी झाली. हजारो बायका शिकू लागल्या. आणि बहुतेकींना शिकवलं जाई ते हाताचंच.

मग हॅरिएट हारग्रेव्ह यांनी कोलोरॅडोतल्या आपल्या दुकानात दाते खाली करून क्विल्ट शिवायला शिकवायला सुरुवात केली. त्यांचं पुस्तक ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलं आणि 1990 च्या आवृत्तीनं सगळीकडे गेलं. रफू करायचा उड्या मारणारा प्रेशर फूट, सुती मधला थर, कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना, आणि वर दिसणार नाही असा नायलॉनचा पारदर्शक दोरा. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. दोरा दिसू नये, म्हणजे काम हाताचं वाटावं. पुस्तकाच्या उपशीर्षकातच मशीनवर हातासारखा परिणाम साधायचं आश्वासन होतं. शिकवणारीला स्वतःच्या पद्धतीवर पूर्ण विश्वास होता. पण समाजात पाऊल ठेवायला हाताचा वेष घ्यावा लागत होता.

हा वेष उतरला 1989 मध्ये. केंटकी राज्यातल्या पडुका गावी अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट क्विल्टचं बक्षीस कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या ‘करोना टू: सोलर एक्लिप्स’ या क्विल्टला मिळालं. सूर्यग्रहणाच्या वेळी दिसणारं प्रभामंडळ, आणि सगळं क्विल्टिंग मशीनचं. त्या प्रदर्शनात मशीनवर क्विल्ट केलेल्या कामाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. खळबळ उडाली. अनेक हातकाम करणाऱ्यांना हा अन्याय वाटला, आणि त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. ज्या बाईनं दीड-दोन वर्षं, इंचाला दहा-बारा टाके घालत एक क्विल्ट पुरी केली, तिला वाटणारच, की हे विजेवर चालणारं काम माझ्या रांगेत कसं?

वाद कसा सुटला? थोडा नियमांनी: हातकामाला आणि मशीनकामाला वेगवेगळी बक्षिसं आली. पण खरा सुटला वर्गांमुळे, असं माझं मत आहे. हातानं शिवणाऱ्या बायका स्वतः दाते खाली करून बसल्या, त्यांची रेघ थरथरली, टाके लांब-आखूड पडले, आणि त्यांना कळलं की यात मशीन आपल्याला काहीच फुकट देत नाही. तासाभरात कळतं ते. वर्षानुवर्षं वाद घालून कळत नाही.

आपल्याकडे

आता घरी येऊ. हिंदुस्थानात सिंगरचा कारभार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे होता. अडचण काय होती? साडीला आणि धोतराला शिलाईच लागत नाही! म्हणून मशीन इथं आधी घरात न जाता दर्जीच्या ओट्यावर गेलं. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, आणि अशा संस्थांतून शिवण हा बाईच्या स्वावलंबनाचा विषय झाला. स्वातंत्र्यानंतर तर ‘शिवणक्लास’ हा शब्द गल्लीगल्लीत पोचला. 1924 मध्ये गांधीजींनीही यंत्रांवर बोलताना सिंगरच्या मशीनला अपवाद केला होता. सिंगरनं ते बायकोच्या मायेपोटी शोधलं, अशी गोष्ट त्यांनी सांगितली. इतिहासाला ती धरून नाही. सिंगरला धंदा करायचा होता, बस. पण यंत्रानं माणसाला निकामी करू नये ही त्यांची कसोटी आपल्या कामाची आहे.

शिवणक्लासात जाणाऱ्या आपल्या आया-मावश्या पुढच्या वर्षी काय शिकायच्या? मशीनचं भरतकाम! प्रेशर फूट काढला, दात्यांवर पट्टी बसवली, कापड लाकडी रिंगमध्ये ताणलं, आणि उशीच्या अभ्र्यावर गुलाब काढला. मंडळी, हेच फ्री मोशन. आज शहरात ‘फ्री मोशन’ नावानं जे शिकायला आपण फी भरतो, ते तालुक्याच्या गावातल्या कितीतरी बायकांच्या हातात पन्नास वर्षांपासून आहे. फक्त ते अभ्र्यावर होतं, गोधडीवर नव्हतं. गोधडी हातानंच शिवायची, दुपारी, ओसरीवर, कडेपासून आत ओळीमागे ओळ धावदोरा घालत. दोन कसब एकाच घरात शेजारी राहिली आणि भेटली नाहीत.

आता भेटताहेत. गुडघे-डोळे साथ देत नाहीत म्हणून, नाहीतर दहा गोधड्यांची मागणी आली म्हणून बायका मशीनवर गोधडी घेताहेत. आणि तिथं गिऱ्हाईक काय विचारतं? ‘हाताची की मशीनची?’ मशीनची म्हटलं की भाव पडला. मी हाताच्या गोधडीचं मोल कमी करत नाहीये. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलंय ते जरूर बघा, म्हणजे हाताच्या कामाची श्रीमंती कळेल. धावदोऱ्याची ती मऊ चुणी मशीनला येत नाही, येणारही नाही. पण ‘मशीनची’ या एका शब्दात आपण दोन निराळी कामं कोंबतो. एकात दात्यांनी सरळ ओळी मारलेल्या असतात. दुसऱ्यात कोणीतरी दहा किलोच्या ओझ्यासारखी वाटणारी गोधडी तळव्यांनी तोलत, पाय आणि हात यांचा ताल सांभाळत प्रत्येक वळण स्वतः काढलेलं असतं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. गोधडी विकत घेताना प्रश्न बदला. कापड कोणी सरकवलं, हे विचारा. उत्तर गोधडीवरच लिहिलेलं असतं. उलटून बघा. ओळी फूटपट्टीनं मारल्यासारख्या असतील तर दाते. रेघ कुठे श्वास घेते, कुठे रेंगाळते, वळणावर टाका किंचित आखूड होतो, तर तिथं हात आहे. आणि हात असेल, तर हाताचा भाव द्या.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: आता संगणकावर चालणारी मशीनं आली आहेत. त्यांचं काय?

उत्तर: हीच कसोटी त्यांनाही लावा. काही मशीनच्या प्रेशर फूटमध्ये डोळा बसवलेला असतो. कापड किती वेगानं सरकतंय ते तो मोजतो आणि त्याप्रमाणे सुईचा वेग कमी-जास्त करतो. टाके सारखे पडतात, पण सरकवतो हातच. नवशिक्यांना त्याचा आधार होतो. मात्र मोठ्या चौकटीवर ताणलेल्या क्विल्टवर संगणक स्वतः सुई फिरवतो, तिथं हात नाही. तिथं कारागिरी नक्षी आखण्यात आणि कापड ताणण्यात असते. ते कामही प्रामाणिकच आहे, फक्त त्याचं नाव वेगळं हवं.

प्रश्न: घरचं जुनं काळं मशीन आहे. त्यावर शिकता येईल का?

उत्तर: नक्की येईल. दात्यांची पट्टी शिवणसामानाच्या दुकानात मागा. रफूचा प्रेशर फूट मिळाला तर उत्तम. सुती कापडाचे हातभर दोन तुकडे घ्या, मधे जुन्या लुगड्याचा थर, आणि वितीवितीवर पिना. नागमोडी रेघ आठवडाभर गिरवा. मग स्वतःचं नाव लिहा, दोरा न तोडता. एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जायला वाट हवी, ती आपल्या लिपीत तयारच आहे. शिरोरेघेवरून परत या आणि पुढचं अक्षर घ्या. गोधडी पुरी झाली, की ते नाव तिच्या कोपऱ्यातही घाला. आपल्या संग्रहांतल्या जुन्या गोधड्यांवर शिवणारीचं नाव सहसा नसतं. ते शोधताना आम्ही फार थकलोय.